ग्रँड कॅन्यनला एकच दिवस आहे: साउथ कैबाब की ब्राइट एंजेल?

काठावरून फोटो काढून परत न येता थोडं आत उतरायचं असं ठरलं की साउथ रिमवर, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण काठावर, बोलणं शेवटी खाली उतरणाऱ्या या दोन वाटांवरच येऊन थांबतं. आम्ही फिनिक्सला राहतो, साडेतीन-चार तासांचा ड्राइव्ह, त्यामुळे दोन्ही करून झालेत, कैबाब मे महिन्याच्या शेवटी आणि ब्राइट एंजेल पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी. तेव्हापासून पुण्या-मुंबईहून कोणी येणार असलं की हाच प्रश्न येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आकड्यांवरून ठरवायला गेलात तर काही हाती लागत नाही. कैबाबवर १.५ मैलावर सीडर रिज, ब्राइट एंजेलवर १.५ मैलावर रेस्टहाऊस (नुसता थांबायचा निवारा), दोन्हीकडे उतार साधारण १,१०० फूट. ३ मैलांवर इकडे स्केलेटन पॉइंट, तिकडे दुसरं रेस्टहाऊस, दोन्हीकडे २,००० फुटांच्या थोडं वर. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या, पार्कवाले जागोजागी बोर्ड लावून नको म्हणतात ते उगाच नाही.

खरा फरक आपल्या सह्याद्रीतल्या भाषेत सांगतो. कैबाब सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवरून उतरतो आणि ब्राइट एंजेल नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या घळीतून. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातूनच येतं.

सोंडेवरून उतरायचं म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या. सुरुवातीची वळणं भिंतीला चिकटून आहेत, ती संपली आणि ऊ-आ पॉइंट आला की पूर्वेकडे जे काही उघडतं ते बघून आम्ही दोघं पाच मिनिटं एक शब्द बोललो नाही, आणि हे फक्त ०.९ मैलावर. आई-बाबा भारतातून आलेत, गुडघे बरे आहेत, एक-दोन तासच हातात आहेत, तर त्यांना इथपर्यंत न्या आणि हळूहळू परत आणा, यात मला शंका नाही. स्केलेटन पॉइंटवरून खाली कोलोराडो नदीचा तुकडाही दिसतो. नजाऱ्याच्या बाबतीत कैबाब पुढे आहे, हे मी ब्राइट एंजेलवाला असूनही मान्य करतो.

नाळेतून चालताना समोर भिंत, बाजूला भिंत, आणि मधल्या फटीतून पलीकडचा नॉर्थ रिम. ही नाळ ज्या प्रस्तरभंगावर (खडकातल्या मोठ्या भेगेवर) आहे तो एका रेषेत थेट पलीकडच्या काठापर्यंत गेलाय, त्यामुळे दिसतं ते अरुंद पण सरळ लांबवर. काहींना हे कोंडल्यासारखं वाटतं, माझ्या मित्राला वाटलं. मला उलट ते आवडलं कारण सकाळी उशिरापर्यंत भिंतीची सावली अंगावर असते, आणि पहिल्या बोगद्यापाशी मान वर केली तर कड्यावर लाल रंगात काढलेली जुनी चित्रं दिसतात, बहुतेक लोक खाली पायाकडे बघत पुढे निघून जातात.

पोहोचायच्या सोयीचं थोडक्यात, कैबाबच्या तोंडाशी स्वतःची गाडी नेता येत नाही, शटलनेच जावं लागतं, पहाटेची हायकर्स एक्स्प्रेस बस पकडली तर उत्तम. ब्राइट एंजेल काठावरच्या ग्रँड कॅन्यन व्हिलेजमध्येच सुरू होतो. खेचरं दोन्हीकडे भेटतात, आतल्या बाजूला उभं राहायचं आणि ती पूर्ण पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. कैबाबवर लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या जास्त लागल्यासारख्या वाटल्या, उतरताना गुडघ्याला जाणवतात, निदान मला जाणवल्या.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. कैबाबवर पाणी नाही. सीडर रिजला टॉयलेट आहे पण नळ नाही, नदीपर्यंत कुठेच नाही. हे आम्हाला माहीत होतं, प्रत्येकी ३ लिटर घेऊन निघालो होतो, मीठ-साखर-लिंबाची पुडी, खारे शेंगदाणे, चिक्की सगळं होतं. स्केलेटन पॉइंटला पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, आणि बायकोने बाटली उन्हासमोर धरून पातळी बघितली, निम्म्याच्या खाली. तिथून वर येताना ३ मैल मी कॅन्यन बघितलाच नाही. पुढच्या वळणापर्यंत घोट घ्यायचा नाही, सीडर रिजला दोन घोट, मग वरच्या टप्प्याला किती उरेल, डोक्यात फक्त हाच हिशेब. आणि सीडर रिजच्या वर एका खडकाच्या जेमतेम सावलीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, तोंड लाल झालेलं, त्यांनी पाणी आहे का विचारलं, आणि मी आधी माझ्या बाटलीकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. पाणी दिलं, शेंगदाणेही दिले, ते आमच्यासोबत हळूहळू वर आले, सगळं नीट झालं. पण आयुष्यभर गडांवर फिरताना कोणी पाणी मागितलं आणि मी विचार केला असं कधी झालं नव्हतं. ज्या वाटेवर आपण असं वागतो ती वाट कितीही सुंदर असली तरी माझं मन तिथे रमत नाही.

नंतर वाचल्यावर कैबाबवर पाणी का नाही त्याचं कारणही कळलं. कैबाबची वाट पार्क सर्व्हिसने १९२४-२५ मध्ये मुद्दाम खोदून काढली, कारण ब्राइट एंजेलवर टोल चालायचा आणि तो टाळून खाली जायला पार्कची स्वतःची वाट हवी होती. म्हणजे ती पाण्यासाठी कधी नव्हतीच. ब्राइट एंजेल मात्र इथल्या मूळ रहिवासी हवासुपाई लोकांची जुनी वाट, ती खालच्या झऱ्याकडे जाते. आपल्याकडे जुन्या घाटवाटेवर टाकं कुठेतरी असतंच ना, तसंच.

ब्राइट एंजेलवर त्या सप्टेंबरात पहिल्या रेस्टहाऊसला नळ चालू होता. मी टोपी काढून नळाखाली धरली, तशीच डोक्यावर घातली, पाणी मानेवरून पाठीत उतरलं, आणि मागे उभ्या असलेल्या मुलाची बाटली भरून त्याच्या हातात दिली. पुढे जेकब्ज लॅडरची वळणं उतरून साडेचार मैलांवर हवासुपाई गार्डन्सपर्यंत गेलो, ३,००० फूट खाली, त्या लालसर-करड्या दगडात अचानक कॉटनवुडची हिरवी झाडं आणि ओढ्याचा आवाज. हवासुपाई लोक इथे शेती करायचे, पार्कने त्यांना बाहेर काढलं, शेवटचा रहिवासी १९२८ मध्ये गेला, आणि जागेचं इंडियन गार्डन हे नाव बदलून आत्ताचं नाव दिलं ते २०२२ मध्ये. झाडाखाली बसून पोळीचा रोल खाताना हे माहीत असलेलं बरं, असं मला वाटतं. येणं-जाणं ९ मैल म्हणजे पहिल्यांदाच येणाऱ्याने ३ मैलांवरूनच वळावं, तेही भरपूर होतं.

अर्थात नळांवर डोळे झाकून विसंबू नका. रेस्टहाऊसचे नळ साधारण उन्हाळ्याच्या मोसमातच चालू असतात आणि पाइपलाइन फुटायची सवय आहे, शिवाय दुरुस्तीसाठी वाटेचे काही भाग बंदही ठेवतात. आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरला विचारा, निम्मं पाणी तरी सोबत असू द्या, आणि नुसतं पाणी पीत राहू नका, त्यासोबत खारं काहीतरी खा.

थंडीत मात्र माझं उत्तर बदलतं. डिसेंबर-जानेवारीत रेस्टहाऊसचे नळ बंद, आणि ब्राइट एंजेलच्या वरच्या टप्प्यात जी सावली सप्टेंबरात सुखाची वाटली तिथेच बर्फ गोठून काच होते, बुटाला काटे लावल्याशिवाय पाय ठरत नाही. कैबाबच्या सोंडेवर ऊन चांगलं येतं, गरमी नसल्याने पाणीही कमी लागतं. नाताळच्या सुट्टीत येणार असाल तर कैबाबला जा, सीडर रिजपर्यंत. मे ते सप्टेंबरमध्ये मला विचारलंत तर पहाटे साडेपाचला ब्राइट एंजेलच्या तोंडाशी उभे राहा आणि दहाच्या आत वर या.