बंगल्याच्या सोलर बॅकअपला ट्यूब्युलर की लिथियम?
१५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) चार ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या ४८ व्होल्टला जोडल्या की कागदावर ७.२ युनिट साठतात. आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच, ३.६ युनिट, वापरावीत. ५१.२ व्होल्ट, १०० एएचचा एक लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक ५.१२ युनिटांचा, ८० टक्के, म्हणजे ४.१ युनिट, खुशाल काढा. डिस्टिल्ड वॉटरची कटकटही नाही. आमचा कौल लिथियमलाच.

मात्र पंप जपून. दीड एचपीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि १०० अँपिअर मर्यादेचा बीएमएस (लिथियम पॅकमधलं संरक्षक सर्किट) पॅकचा पुरवठा तोडू शकतो. ट्यूब्युलर हा धक्का सोसते. पंप बॅकअपवर हवाच असेल तर दोन पॅक समांतर जोडा. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम लावण्याआधी इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी अधूनमधून होणारं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा, नाहीतर जादा व्होल्टेजने पॅक ट्रिप होतो.