घरी ओतलेल्या जिगला रंग कुठला द्यायचा: नेलपॉलिश, स्प्रे कॅन की स्वस्तातली पावडर?

पावसाळा संपत आला की कोकणात खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, गळाने मासे गरवणारी मंडळी शिसं वितळवायला बसतात आणि दरवर्षी तोच विषय निघतो, ओतून झालेल्या जिगला, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या शिशाच्या आमिषाला, रंग कशाने द्यायचा. मी सगळे प्रकार वापरून बघितलेत आणि आता पावडर कोटिंगवर (रंगाची कोरडी पावडर तापवून धातूवर पक्की बसवायची) स्थिरावलोय, पण ते प्रत्येकानेच करावं असं मला वाटत नाही, कारण तुम्ही जिग कुठे टाकता आणि त्यातल्या किती परत येतात यावर बरंच ठरतं.

नेलपॉलिश सगळ्यात सोपी. बाटली स्वस्त, ब्रश त्यातच, रंग हवे तेवढे, पंधरा मिनिटांत वाळते. खाडीत जिताडा माशासाठी हलकी जिगहेड (गरीवर ओतलेला शिशाचा गोळा) बांधत असाल तर चालून जाते. अडचण दोन ठिकाणी येते, एक म्हणजे कातळावर दोन-चारदा आपटली की टवके उडतात, आणि दुसरं म्हणजे रबरी मासा जिगहेडवर चढवून बॉक्समध्ये तसाच ठेवला तर त्यातल्या तेलकट पदार्थाने नेलपॉलिश मऊ पडून चिकट होते. जिगवर माशाचे डोळे रंगवायला मात्र मी अजूनही नेलपॉलिशच वापरतो.

स्प्रे कॅनचा रंग दिसायला छान येतो, मोठ्या मेटल जिगवर (पूर्ण धातूचं भरीव आमिष) दोन रंग एकमेकांत मिसळत नेता येतात, हे पावडरला नीट जमत नाही. पण त्याला तयारी लागते, शिशावर राखाडी ऑक्साइड चढलेला असतो तो पॉलिश पेपरने घासायचा, थिनरने तेलकटपणा काढायचा, प्रायमर मारायचा, आणि फ्लोरोसंट रंग हवा असेल तर खाली पांढरा बेस हवाच, नाहीतर तो मळकट दिसतो. एवढं करूनही शिसं मऊ, आपटलं की ते दबतं आणि वरचा कडक रंग तडकतो. गाड्यांचा हार्डनरवाला टू-के रंग जास्त टिकतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं श्वासाला घातक रसायन असतं, घरात साधा कापडी मास्क लावून तो मारू नका, मी तो प्रकार सोडून दिला.

आता पावडर. जिगची गरी (गळाचा आकडा) नोज प्लायरने धरायची, हीट गनने फक्त शिशाचा भाग काही सेकंद तापवायचा आणि झटकन पावडरमधून फिरवून बाहेर काढायचा, मग जिग ओव्हनमध्ये टांगून भाजायची. बरोबर तापलं असेल तर पावडर डोळ्यादेखत वितळून चकाकते, कमी तापलं तर पिठासारखी कोरडी राहते, जास्त तापलं तर जाड थर बसतो आणि ओव्हनमध्ये खाली थेंब लोंबतो. डबीत पावडर दाबून बसलेली असते म्हणून थर कमीजास्त येतो, त्यावर उपाय फ्लुइड बेड, पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाशी फिल्टर पेपर ताणून बसवायचा आणि खालून फिश टँकच्या पंपाची हवा सोडायची, पावडर पाण्यासारखी सैल होते आणि थर एकसारखा बसतो. पण हे करताना जवळ गॅस किंवा मेणबत्ती पेटती ठेवायची नाही, हवेत उडालेली बारीक पावडर पेट घेते. मास्कही लावाच, काही पॉलिस्टर पावडरीत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो, तो श्वासात जाणं चांगलं नाही.

लोक विचारतात की जिगसाठीची खास इम्पोर्टेड पावडर घ्यावी का खिडक्या-ग्रिलला मारतात ती साधी. इम्पोर्टेड डबी २ औंसाची, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास, आणि साधी पावडर मला इथल्या कोटिंगवाल्याकडून किलोला ३०० रुपयांच्या आतबाहेर पडली. वीस ग्रॅमच्या गोल जिगहेडला जेमतेम ०.१ ग्रॅम पावडर चिकटते, म्हणजे सांडलवंड धरूनही एका किलोत हजारो होतील, तेव्हा चार मित्रांनी मिळून लाल, पांढरी, काळी अशी वाटून घेतली तर खर्च जवळपास नाहीच. टिकण्यात मला दोन्हीत फरक दिसला नाही. महाग डबीत तुम्ही पैसे देता ते चार्ट्र्यूज (पोपटी-पिवळा), फ्लोरोसंट केशरी अशा रंगांचे आणि कमी तापमानाला पिकण्याचे, म्हणजे भाजून पक्की होण्याचे. दोन पावडरी मिसळून तिसरा रंग होईल असं समजू नका, लाल-पांढरं मिसळलं तर गुलाबी नाही, लाल-पांढरे ठिपके येतात.

स्वस्त पावडरची बदनामी होते ती बहुतेक वेळा अर्धवट भाजल्यामुळे. नुसती वितळून चकाकली म्हणजे झाली असं समजून लोक तशीच वापरतात आणि मग पहिल्याच दगडाला निघाली की पावडरला नावं ठेवतात. जिगवाली पावडर साधारण १७७ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं लागते, औद्योगिक पावडरला बहुतेक १८० ते २०० अंश, खोक्यावर लिहिलेलं असतं ते पाळायचं, आणि वेळ मोजायची ती जिग पूर्ण तापल्यावर, ओव्हन लावल्यापासून नाही. ओटीजीच्या बटणावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा. तपासायला सोपं आहे, थंड झाल्यावर कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, रंग कापसावर उतरला तर भाजणं कमी पडलंय, परत ओव्हनमध्ये टाका. तो ओटीजी मात्र कायमचा या कामाला, त्यात परत पाव गरम करायचा नाही.

धातू कुठला आहे तेही बघा, कारण शिसं ३२७ अंशाला वितळतं म्हणून त्याला काही होत नाही, पण ६३-३७ सोल्डर १८३ अंशालाच वितळतं, आणि शिसं नको म्हणून कोणी बिस्मथ-टिनची जिग ओतली असेल तर ती १३८ अंशाला जाते. माझ्या एका मित्राने जुन्या सोल्डरची जिग ओव्हनमध्ये टांगली होती, वीस मिनिटांनी खाली ट्रेमध्ये गोळा आणि वर नुसती गरी. अशा धातूला स्प्रेच ठीक. बॅटरीच्या प्लेटा वितळवून शिसं काढायच्या भानगडीत तर पडूच नका, त्यात आर्सेनिकही असू शकतं.

गरी जपणं फार महत्त्वाचं. थेट ज्योतीवर धरली आणि गरी निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग गोबरा मासा लागला तर ती सरळ होणार. ओव्हनच्या तापमानाला चांगल्या गरीला काही झालेलं मी पाहिलं नाही. दोरी बांधायचं भोक पावडरने बुजतं, ते ओव्हनमध्ये घालायच्या आधीच सुईने मोकळं करा, पिकल्यावर खरवडत बसावं लागतं.

एमआयडीसीतल्या कोटिंगवाल्याला द्यायच्या तर फक्त बिनगरीच्या मेटल जिग द्या, गरी असली तर तिच्या टोकावरही रंग बसतो आणि धार जाते. आमच्या ग्रुपने शंभरेक एकदम पांढऱ्या करून आणल्या होत्या, त्यावर नंतर घरी रंग काढले, काम उत्तम झालं.

तेव्हा खडपात टाकता आणि दर फेरीला निम्म्या अडकून तुटतात, तर त्यांच्यावर ओव्हन लावण्यात अर्थ नाही, नेलपॉलिश लावा नाहीतर कोऱ्याच टाका, तांबोशी माशाला त्याचं फारसं पडलेलं नसतं असा माझा अनुभव आहे. बोटीवरून खोल पाण्यात जिगिंग करता, तीच जिग सीझनभर वापरता, तर पावडर घ्या. सुरुवातीला फक्त पांढरी आणि लाल घ्या, हीट गन कोणाकडून तरी मागून आणा, आणि पहिल्या दहा जिग बिनगरीच्या करून हात बसवा.