हायब्रिड सायकल, वरोऱ्याची तयारी आणि तो मेला व्हॉल्व

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली 21 गिअरची हायब्रिड आता हाताखाली चांगली रुळली आहे. गिअर, ब्रेक, फ्रेम यांवर सगळ्यांनी लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. पण परवा वरोऱ्याच्या वाटेवरच्या जाम गावच्या चौरस्त्याअलीकडे जे झालं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तयारी चालली आहे ती नागपूर ते वरोरा आणि परत अशा साधारण 200 किलोमीटरच्या निधी-राइडची. मुदत ब्रेव्हेसारखीच (म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), साडेतेरा तास. जमलेले पैसे गरजू रुग्णांच्या उपचारांना जाणार, म्हणून नातेवाइकांकडून किलोमीटरमागे रक्कम कबूल करून घेतली. मोठे काका पाच रुपये बोलले, वर "पूर्ण केलीस तरच हं!" अशी अट. म्हणजे एका पंक्चरवर हजार रुपये टांगलेले.

तर परवा बुटीबोरी मागे टाकली आणि बऱ्याच वेळानं मागचं चाक बसलं. फुटलेल्या ट्रक टायरमधली तार, केसाएवढी. डोळ्यांना दिसेना. टायरच्या आतून बोट फिरवलं, टोचली, तेव्हा सापडली. जवळची ट्यूब घातली, पण माझ्या हातपंपानं चाक जेमतेम फुगलं. ढकलत पंक्चरच्या टपरीवर आलो. तिथे ट्रकच्या चाकांत हवा भरणारा भलामोठा कॉम्प्रेसर! टपरीवाल्यानं नळी लावून पाहिली, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे कोनतं व्हाल होय? याले हवा कुठून देऊ?"

हा तो प्रेस्टा व्हॉल्व. मोटरसायकलचा 8 मिलिमीटर जाड, हा 6. टोकाची चिमुकली घुंडी सैल करायची, पिन एकदा दाबून फुस्स करायचं, मगच हवा आत जाते. पितळी अडॅप्टर फिरवून बसवला की साधी नळी चालते. अडॅप्टर तीस रुपयांचा. इतक्या किमतीच्या सायकलीबरोबर दुकानदारानं बाटलीचा स्टँड फुकट दिला, घंटी दिली, हा तीस रुपयांचा तुकडा मात्र दिला नाही, त्याबद्दल चकार शब्दही काढला नाही.

दुकानात जाऊन भांडलो. उत्तर मिळालं, "सर, इंपोर्टेड पॅटर्न आहे." मग साधा व्हॉल्व बसवून द्या म्हटलं, तर रिमचं भोक लहान, ड्रिल मारावं लागेल, आणि ड्रिल मारलं की रिमची वॉरंटी गेली. ट्यूबही साध्या ट्यूबच्या जवळपास दुप्पट किमतीची. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूब म्हणजे किराणा सामान आहे हो, दर महिन्याला लागतं!

न्यायानं सांगायचं तर घरच्या उभ्या पंपानं भरताना हाच व्हॉल्व हलका जातो. आत स्प्रिंग नाही, त्यामुळे 60 पीएसआय दाबाच्या पुढेही दम लागत नाही. घरी बरा, रस्त्यावर वैरी.

सीटबद्दल मत पार बदललं. पहिल्या महिन्यात फळीवर बसल्यासारखं वाटायचं, म्हणून सीताबर्डीवरून जेलचं मऊ कव्हर आणलं. खापरीपर्यंत झकास, त्यापुढे सगळं बधिर. मऊ गादीत माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. कव्हर काढलं, पॅडची चड्डी घेतली (आत दुसरं काही घालायचं नाही, हे दुकानात कोणी धड सांगत नाही) आणि आता तीच कडक सीट चार-चार तास सोसते. शहरातल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवर मनगटं मात्र अजून ठणकतात. हवा थोडी कमी ठेवली की फरक पडतो.

खाण्याचं म्हणाल तर निघताना तर्री-पोहे नकोत, बुटीबोरीपर्यंत घसा जळतो. संत्री आणि मीठ-साखरेचं पाणी पुरे. तर्री परतल्यावर.

वरोऱ्याला जायचं म्हणजे आनंदवन आठवणारच. बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेत 1985 साली पोरं कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाली होती. मला पहिला विचार काय आला सांगू? त्यांना वाटेतल्या कुठल्याही गावात हवा मिळाली असणार.

सायकल घ्यावी का? घ्या. या पैशांत चांगली आहे, चेन अजून कुरकुरत नाही, ब्रेक पावसातही धरले. मी आता एक अडॅप्टर व्हॉल्ववरच फिरवून ठेवलाय, एक घराच्या किल्लीला, एक पाकिटात. राइडला संयोजकांची मदतगाडी असणार आहे. तिच्यातला पंप कोणत्या व्हॉल्वचा, हे विचारून ठेवलंय. अजून उत्तर नाही.