१२ इंची एक्झॉस्ट फॅन, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून घेतलेला (करोनात घेतला, अजून चालू आहे)

रिव्ह्यू फार उशिरा देतोय, पण परवा शेजारच्या दुकानदारानं विचारलं की हा कुठला आणि घेऊ का, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

नारायण पेठेत आमचं बाइंडिंगचं काम आहे. एकच हॉल, २० बाय १५ फूट, उंची १० फूट, सात माणसं, पुढं शटर आणि मागं बोळात उघडणारी एक खिडकी जी कित्येक वर्षं गठ्ठ्यांमागं बुजलेली. ९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले दोन पेशंट सापडले, मग लॉकडाऊन, मग कामं परत सुरू झाली तेव्हा आमची पंचाईत अशी की आयटीवाल्यांना लॅपटॉप देऊन घरी बसवता येतं, आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींना खळ आणि फर्मे (पुस्तकाचे छापून घडी घातलेले कागद) देऊन कसं बसवणार.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा घाबरून पैसे घालवले. एक सॅनिटायझेशनवाले आले, पांढरे सूट, पाठीवर पंप, दहा मिनिटं हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) फवारून दारावर सर्टिफिकेट चिकटवून गेले. वास तीन दिवस राहिला आणि कटिंग मशीनच्या पात्याला जो गंज चढला त्याच्या धारेचा खर्च फवारणीपेक्षा जास्त झाला. हे लोक माणसांवरही फवारायला तयार होते, आणि केंद्राच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२० मध्येच माणसांवर असलं काही मारू नका म्हणून सांगितलेलं होतं.

मग ती कपाळाला लावायची टेंपरेचर गन. हडपसरहून उन्हात गाडीवर आलेला माणूस दारात १०० दाखवायचा, पाच मिनिटं सावलीत बसवला की ९७. आणि खरा ताप असलेला आमचा एक बाइंडर गोळी घेऊन आला तर गन खूश. त्याला विचारलं अरे आलास कशाला, तर म्हणाला, "मालक, खाडा झाला की रोज बुडतो." इथं माझे डोळे उघडले खरं तर. त्या दिवसापासून ताप-सर्दी असेल तर घरी थांबायचं, पगार कापणार नाही असं सगळ्यांना सांगितलं, दोनचार जणांनी थोडा गैरफायदा घेतला असेल, घेऊ दे. तरी लक्षणं दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, त्याला ना गन ना रजा, त्याला हवाच खेळती पाहिजे.

म्हणून फॅन. दुकानदार अस्सल होता. "कशासाठी पाहिजे, किचन का टॉयलेट?" मी म्हटलं करोनासाठी. "त्याला काय साइज लागते मला माहीत नाही, हॉल केवढाय ते सांगा." सांगितलं, तर न बोलता १२ इंची खाली काढला, धातूच्या पात्यांचा. खोक्यावर ताशी १००० घनमीटर लिहिलंय. आमचा हॉल साधारण ८५ घनमीटर, म्हणजे कागदावर तासाला ११-१२ वेळा हवा बदलते, जाळी-धूळ वगैरे धरून निम्मं समजा, तरी पाच-सहा. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी आरोग्य संस्था) तासाला किमान पाच वेळा हवा बदला म्हणून २०२३ मध्ये सांगितलं, आम्ही तपकीर गल्लीत आधीच पोचलो होतो.

बसवताना मात्र डोकं वापरा. इलेक्ट्रिशियननं पहिल्यांदा उलटा लावला, बाहेरची हवा आत. सुलटा केला तर फॅनशेजारचीच अर्धी खिडकी उघडी राहिली, तिथूनच हवा आत येऊन तिथूनच बाहेर, बाकी हॉल तसाच कोंदट. ती बंद केली आणि समोर शटर अर्धं वर ठेवलं, तेव्हा हवा पूर्ण हॉलमधून वाहायला लागली, पुढच्या टेबलावरचे सुटे कागद उडाले त्यावरून कळलं. भाच्यानं नंतर कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला, आपण श्वासातून सोडतो तोच वायू असल्यामुळं कोंडलेली हवा किती ते कळतं. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतं, आमच्याकडं फॅन बंद करून शटर ओढलं की तासाभरात १५०० च्या वर, चालू केला की ७०० च्या खाली.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, एक मावशी पॉझिटिव्ह निघाल्या, घरातूनच आला होता. बाकी सहाही जणांच्या टेस्ट निगेटिव्ह. श्रेय फॅनचं, एन-९५ चं की नशिबाचं, मी शपथेवर सांगणार नाही. लस अजून सगळ्यांना मिळाली नव्हती, ४५ च्या खालच्यांना नंबरच नव्हता, कोविशील्ड लस बनतेय इथंच पुण्याजवळ मांजरी गावात आणि आम्ही पेठेत बसून वाट बघतोय!

आता तक्रारी. आवाज आहे, फोनवर बोलायला बाहेर जावं लागतं. कागदाचा भुसा जाळीत बसतो, पंधरा दिवसांनी साफ केला नाही तर नुसता घुमतो, ओढत काहीच नाही. पावसाळ्यात बाहेरून झडप लागते, ती वेगळी विकत घ्यावी लागली. आणि मागच्या बोळातल्या आजींनी "तुमचा करोना आमच्या गॅलरीत कशाला" म्हणून दोन महिने भांडण काढलं, शेवटी पत्र्याचा कोपर लावून हवा वर सोडली.

पाचातले साडेचार. अर्धा आवाजाचा कापला. घेताना पक्कं बिल मागून घ्या, दुकानदार आपणहून देत नाही आणि वॉरंटीला तेच लागतं.