पुढच्या दाताला कॅप: मेटल-सिरॅमिक की झिर्कोनिया?

पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर मी झिर्कोनियाच (धातू नसलेलं पांढरं, कठीण सिरॅमिक) सुचवेन. मेटल-सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वर चिनी मातीसारखा सिरॅमिकचा थर असलेली कॅप, स्वस्त पडते, टिकतेही. पण आतल्या धातूतून उजेड जात नाही, म्हणून दात शेजारच्या दातांपुढे निर्जीव दिसतो. पुढे हिरडी जरा वर सरकली की कडेला करडी रेघ उघडी पडते आणि मोकळं हसणारा माणूस ओठ मिटून हसू लागतो. झिर्कोनियात धातूचं अस्तर नसल्याने कड करडी दिसत नाही. मात्र त्यातही प्रकार आहेत: पारदर्शकता वाढते तशी मजबुती कमी होते. दाढेला मेटल-सिरॅमिक खुशाल चालेल. रंग मात्र दात तासण्याआधीच, दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या. कारण उघड्या तोंडात दात कोरडा पडला की जास्त पांढरा दिसतो.