गिनी, वेईपा की ओडिशा: बॉक्साइटचा टन नेमका कितीला पडतो?

बॉक्साइट या खनिजातून रिफायनरी ॲल्युमिना काढते आणि स्मेल्टर त्याचं ॲल्युमिनियम करतो. बॉक्साइटचा दर सांगितला जातो सुक्या टनाला, म्हणजे ओलावा वगळून. रिफायनरीला मात्र त्या टनातून जेवढं ॲल्युमिना गरम कॉस्टिक सोड्यात विरघळून येईल तेवढ्याचाच उपयोग; बाकी सगळा लाल चिखल, आणि तो साठवायचा खर्च वेगळा. म्हणून टनामागे दहा डॉलर स्वस्त मिळालेला माल वर्षअखेर महाग पडू शकतो. ज्यांच्याकडे स्वतःची खाण नाही, किंवा आहे पण पुरत नाही, अशा भारतीय रिफायनरीसाठी ही तुलना आहे. पर्याय तीन: पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा माल, ऑस्ट्रेलियातल्या वेईपाचा, आणि ओडिशातल्या पठारांवरचा. बॉक्साइटच्या भानगडीत न पडता तयार ॲल्युमिना घेणं हा चौथा पर्याय स्मेल्टरवाल्यांच्या कामाचा, तो शेवटी.

भाव कुठे ठरतो

२०२४ साली जगात साधारण ४५ कोटी टन बॉक्साइट निघालं. त्यातलं गिनीचं सुमारे १३ कोटी, ऑस्ट्रेलियाचं १० कोटी, चीनचं ९ कोटींच्या वर आणि भारताचं अडीच कोटींच्या आसपास. त्याच वर्षी एकट्या चीनने जवळपास १६ कोटी टन आयात केलं आणि त्यात दर दहा टनांमागे सात टन गिनीचे होते. शांशी आणि हनानमधला चीनचा स्वतःचा माल डायास्पोर या विरघळायला अवघड जातीचा, सिलिकाने भरलेला. शिवाय तिथल्या बऱ्याच खाणी पर्यावरण तपासणीत बंद पडल्या. त्यामुळे चीनमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षमतेवर ४.५ कोटी टनांची मर्यादा असली तरी बॉक्साइटची आयात वाढतच राहिली. एक टन ॲल्युमिनियमला १.९३ टन ॲल्युमिना लागतं, म्हणजे त्या मर्यादेत चीनच्या स्मेल्टरांची मागणी फार तर ८.७ कोटी टनांपर्यंत जाते. पुढची वाढ भारत आणि इंडोनेशियात आहे. पण भाव आजही चीनमधल्या शांडोंगच्या बंदरांत ठरतो. भारतातला खरेदीदार तो मान्य करतो किंवा थांबतो, तिसरं काही त्याच्या हातात नसतं.

आधी आपली रिफायनरी ओळखा

बॉक्साइटमध्ये ॲल्युमिना तीन खनिजांच्या रूपात असतं. गिब्साइट १४० ते १५० अंशांना कॉस्टिकमध्ये विरघळतं. बोहमाइटला २२० ते २५० अंश लागतात. डायास्पोरला त्याहून जास्त, आणि वर चुनाही घालावा लागतो. कमी तापमानाच्या रिफायनरीत बोहमाइट असलेला माल घातला तर ते नुसतं न विरघळता चिखलात जातं असं नाही. विरघळलेलं ॲल्युमिनाही त्याच्या कणांवर पुन्हा बसू लागतं आणि चिखलाबरोबर निघून जातं. याला रिव्हर्जन म्हणतात. अंदाजापेक्षा उतारा दोन-तीन टक्के कमी का येतोय हे कळेपर्यंत अर्धं जहाज संपलेलं असतं.

म्हणून दरपत्रकावरचा एकूण ॲल्युमिनाचा टक्का बाजूला ठेवा. पुरवठादाराकडून दोन आकडे मागा: तुमच्या तापमानाला निघणारं ॲल्युमिना आणि रिॲक्टिव्ह सिलिका. रिॲक्टिव्ह सिलिका म्हणजे मुख्यतः केओलिनची माती. ती कॉस्टिक आणि ॲल्युमिना दोन्ही ओढून घेऊन सोडालाइट हा न विरघळणारा पदार्थ बनवते, आणि ते कॉस्टिक परत मिळत नाही. ढोबळ हिशोब असा की एक टन रिॲक्टिव्ह सिलिका साधारण एक टन कॉस्टिक खाते. क्वार्ट्झच्या रूपातली सिलिका कमी तापमानाला निमूट पडून राहते, पण २४० अंशांच्या पुढे तीही विरघळू लागते. त्यामुळे एकच माल दोन रिफायनऱ्यांमध्ये वेगवेगळं कॉस्टिक खातो.

गिनी आणि वेईपा: कागदावरचा हिशोब

गिनीच्या बोके भागातल्या मालाचा बाजारातला ठरलेला दर्जा ४५ टक्के ॲल्युमिना आणि ३ टक्के सिलिका. बहुतांश गिब्साइट, बोहमाइट थोडं. वेईपाचा माल दिसायला वरचढ, ५० टक्क्यांच्या पुढे ॲल्युमिना. पण त्यातला बराच भाग बोहमाइटचा आणि रिॲक्टिव्ह सिलिका जास्त. ग्लॅडस्टनची क्वीन्सलँड ॲल्युमिना रिफायनरी वेईपाच्याच मालासाठी जास्त तापमानाची बांधली, ती याच कारणाने.

खालचे आकडे हिशोबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत, आजचा बाजारभाव म्हणून घेऊ नका. दर बंदरपोच सुक्या टनाला, कॉस्टिक ४५० डॉलर टन.

| | गिनी, कमी तापमान | वेईपा, कमी तापमान | वेईपा, जास्त तापमान |
|---|---|---|---|
| दर, डॉलर | ७५ | ६५ | ६५ |
| एक टन ॲल्युमिनाला बॉक्साइट, टन | २.६ | २.६ | २.३ |
| बॉक्साइटचा खर्च, डॉलर | १९५ | १६९ | १४९.५ |
| विरघळणारी सिलिका, टक्के | २ | ५ | ६ |
| गेलेलं कॉस्टिक, किलो | ५२ | १३० | १३८ |
| कॉस्टिकचा खर्च, डॉलर | २३ | ५९ | ६२ |
| एकूण, डॉलर | २१८ | २२८ | २१२ |

कमी तापमानाच्या रिफायनरीत दहा डॉलर स्वस्त असूनही वेईपा हरतं. जास्त तापमानाला ते सहा डॉलरने जिंकतं, पण जादा वाफेचा खर्च यात धरलेला नाही. आता कॉस्टिक ६५० डॉलरला गेलं असं समजा. गिनी २२९ वर जातं आणि जास्त तापमानाचं वेईपा २३९ वर. पारडं फिरतं ते कॉस्टिक ५३० डॉलरच्या आसपास असताना. म्हणजे वेईपाचा करार करणारा नकळत कॉस्टिकच्या भावावरही पैज लावत असतो. कॉस्टिकचा वर्षाचा करार हातात नसेल तर बॉक्साइटचा दीर्घ करार त्याच्या आधी करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

सिलिका जितकी कमी तितकं बरं, असंही नाही. रिॲक्टिव्ह सिलिका फारच कमी असली तर १०० अंशांच्या आसपासच्या प्रीडिसिलिकेशन टाक्यांत (जिथे सिलिका आधीच बाजूला काढतात) सोडालाइटचे पुरेसे कण तयार होत नाहीत. मग सिलिका द्रावणातच फिरत राहते, हीटरच्या नळ्यांवर थर धरते आणि शेवटी तयार ॲल्युमिनात उतरते. अशा वेळी थोडा जास्त सिलिकावाला माल मिसळणं फायद्याचं ठरतं.

पाऊस, ओलावा आणि जहाज

बोकेत पाऊस जून ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या पावसाळ्यालाच जुळून. कामसार बंदरातून रेल्वेने आलेला माल जहाजात जातो, पण रिओ नुन्येझ नदीवरच्या धक्क्यांवरून निघणारा माल बार्जने खोल समुद्रात नेऊन मोठ्या जहाजात भरावा लागतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम रखडतं. भारतीय खरेदीदाराला दुहेरी मार बसतो. माल भरताना भिजलेला, उतरवतानाही आपल्या पावसात. ओला बॉक्साइट हॉपरच्या तोंडाशी आणि शूटमध्ये चिकटतो, पट्टा मंदावतो, जहाज धक्क्यावर अडकतं आणि डेमरेजचं, म्हणजे जहाज अडवल्याच्या दंडाचं, मीटर चालू होतं. वेईपाचा पावसाळा उलट, डिसेंबर ते एप्रिल. जास्त तापमानाची रिफायनरी असेल तर ऑगस्ट-ऑक्टोबरच्या खेपा वेईपाकडून घेणं, नुसत्या या कारणासाठीही, विचार करण्यासारखं आहे. कमी तापमानवाल्यांनी ऑस्ट्रेलियातच गोव्हच्या मालाकडे बघावं (गोव्ह, गोवा नव्हे). त्यात बोहमाइट कमी आहे, पण ती खाण आयुष्याच्या शेवटाकडे आलेली आहे.

जहाजभाडं ओल्या टनावर भरावं लागतं. भाडं २५ डॉलर आणि ओलावा १२ टक्के असेल तर सुक्या टनाला ते २८.४ पडतं, ८ टक्क्यांना २७.२. दीड लाख टनांच्या जहाजावर हा फरक मोजायला वेगळा हिशोबनीस लागत नाही.

ओलाव्याचा प्रश्न नुसता पैशांचा नाही. जानेवारी २०१५ मध्ये मलेशियातल्या क्वांतानहून ४६,४०० टन बॉक्साइट घेऊन निघालेलं बल्क ज्युपिटर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ बुडालं; १९ खलाशांपैकी एकच वाचला. बारीक कण आणि पाणी जास्त असलं की जहाजाच्या हेलकाव्यांनी पाणी आणि बारीक कण वेगळे होऊन वर येतात, आणि त्या पातळ थराच्या हिंदकळण्याने जहाजाचा तोल जातो. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत बारीक बॉक्साइटला पातळ होऊ शकणाऱ्या मालाच्या गटात टाकलं गेलं. १ मिलिमीटरखालचे कण ३० टक्क्यांहून जास्त आणि २.५ मिलिमीटरखालचे ४० टक्क्यांहून जास्त असतील तर ओलाव्याच्या मर्यादेचा दाखला लागतो. तो भरणीच्या आधी हातात हवा.

साठ्याचाही विचार करा. दहा लाख टन ॲल्युमिनाच्या रिफायनरीला रोज सुमारे ८,००० ओले टन लागतात. १.७ लाख टनांचं एक केपसाइज जहाज म्हणजे तीन आठवड्यांची भाकरी. गिनीहून माल यायला महिनाभर लागतो, तेव्हा ४५ दिवसांचा म्हणजे ३.६ लाख टनांचा ढीग ठेवण्याची जागा नसेल तर गिनीवर एकट्यावर विसंबू नये.

सरकार बदललं की

गिनीत सप्टेंबर २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा निर्यात थांबली नव्हती. खरा धक्का नंतर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमिरेट्स ग्लोबल ॲल्युमिनियमच्या गिनीतल्या उपकंपनीची निर्यात सरकारने अडवली, आणि २०२५ मध्ये परवाना काढून घेऊन ती खाण निम्बा मायनिंग या सरकारी कंपनीला दिली. मागणी अशी होती की देशात रिफायनरी उभारा. इंडोनेशियाने हाच रस्ता आधी धरला होता: २०१४ मध्ये कच्च्या बॉक्साइटच्या निर्यातीवर बंदी, मग सूट, आणि जून २०२३ पासून पुन्हा बंदी. मलेशियाने जानेवारी २०१६ मध्ये प्रदूषणामुळे खाणकाम थांबवलं. ऑस्ट्रेलियात असला धोका जवळपास नाही, आणि वेईपाच्या दराबरोबर तुम्ही तेही विकत घेता.

गिनीशी करार करताना निर्यातबंदीचं कलम नुसत्या अपरिहार्य आपत्तीत घालू देऊ नका. बंदी ३० दिवसांपेक्षा लांबली तर दुसरीकडून घेण्याची मुभा आणि आगाऊ रकमेची परतफेड, दोन्ही लिहून घ्या.

ओडिशा: उत्तम माल, पण विकत मिळतो कुठे

कोकणातल्या सड्यावरचा जांभा आणि बॉक्साइट एकाच कुळातले: पावसाने हजारो शतकं सिलिका धुऊन नेल्यावर जे उरलं ते. पूर्व घाटातल्या पठारांवर हे काम फार चोख झालं. ओडिशातल्या पंचपटमाळीचा माल जवळजवळ सगळा गिब्साइट, सिलिका कमी. नाल्को ही सरकारी कंपनी तो १४.६ किलोमीटरच्या पट्ट्यावरून दामनजोडीच्या रिफायनरीला आणते आणि साध्या हवेच्या दाबाला, १०५ अंशांच्या आसपास विरघळवते. दाबाची भांडी नकोत, वाफ कमी. एक टन ॲल्युमिनाला तीन टनांच्या जवळपास बॉक्साइट लागतं, पण खाण दारात असल्यावर त्याचं काही वाटत नाही.

अडचण अशी की हा माल बाजारात नाही. खाणी रिफायनऱ्यांना बांधलेल्या, नव्या खाणी लिलावातून, आणि लिलाव जिंकणं म्हणजे खाण मिळणं नव्हे. नियमगिरीच्या पायथ्याशी वेदांताने लांजीगडची रिफायनरी उभी केली ती डोंगरावरच्या मालाच्या भरवशावर. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. त्याआधी डिसेंबर २०१२ मध्येच मालाअभावी रिफायनरी काही महिने बंद ठेवावी लागली होती. पुढे तिथे गिनीचं बॉक्साइटही येऊ लागलं. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या दुर्गमानवाडीचा माल हिंडाल्कोच्या बेळगावच्या कारखान्याला जातो. ते गणित छोटं आणि विशेष दर्जाच्या ॲल्युमिनाचं, आयातीला पर्याय म्हणून त्याकडे बघू नये. ज्यांच्या हातात ओडिशाची चालू खाण आहे त्यांनी बाहेर बघायची गरजच नाही. ज्यांच्या हातात नुसतं लिलावाचं पत्र आहे त्यांनी पाच वर्षं आयातीवर काढण्याची तयारी ठेवावी.

पहिली खेप घेण्याआधी

नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत प्रमाणित द्रावणात तपासून भागत नाही. स्वतःच्या चालू द्रावणात, स्वतःच्या तापमानाला बॉम्ब डायजेशन (बंद दाबाच्या भांड्यात विरघळवण्याची चाचणी) करा, आणि त्याच चिखलाचा निवळण्याचा वेगही पाहा. गोएथाइट हे लोहखनिज जास्त असलेला चिखल सावकाश बसतो, फ्लॉक्युलंट (गाळ खाली बसवणारं रसायन) वाढवावं लागतं, आणि निवळणीची टाकी हीच उत्पादनाची मर्यादा होऊन बसते. नवा माल एकदम १०० टक्के सुरू करू नका. वीस-पंचवीस टक्क्यांपासून चढवा आणि द्रावणातली सिलिका रोज बघा. करारात दंड एकूण सिलिकेवर नको, रिॲक्टिव्ह सिलिकेवर हवा.

तयार ॲल्युमिना घ्यायचं असेल तर

२०२४ च्या सुरुवातीला ॲल्युमिना टनाला ३५० डॉलरच्या आसपास होतं. जानेवारीत अल्कोआने ऑस्ट्रेलियातली क्विनाना रिफायनरी बंद करण्याचं जाहीर केलं, मे महिन्यात गॅसच्या तुटवड्यामुळे रिओ टिंटोने क्वीन्सलँडचं ॲल्युमिना कराराप्रमाणे पुरवण्यास असमर्थता कळवली, ऑक्टोबरमध्ये गिनीची वरची घटना. वर्ष संपता संपता भाव ८०० च्या वर होता, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत पुन्हा ४०० खाली. ॲल्युमिनियम २,५०० डॉलर धरलं तर ३५० च्या भावाला ॲल्युमिनाचा खर्च धातूच्या किमतीच्या २७ टक्के, ८०० ला ६२ टक्के. ज्या स्मेल्टरने सगळी खरेदी ॲल्युमिनाच्या बाजारभाव निर्देशांकाला बांधली होती तिला त्या तिमाहीत पळवाट नव्हती. निम्मी-अर्धी खरेदी एलएमईच्या (लंडन मेटल एक्स्चेंजवरच्या धातूच्या भावाच्या) टक्केवारीत ठेवली तर धातू आणि कच्चा माल एकत्र हलतात. विकणारा टक्का जास्त मागेल, तो द्यावा.

दर्जात सिलिका आणि लोह प्रत्येकी ०.०२ टक्क्यांच्या आत, ४५ मायक्रॉनखालचे कण १० टक्क्यांच्या आत, आणि पृष्ठभाग ग्रॅमला ६० ते ८० चौरस मीटर एवढं नक्की पाहा. पृष्ठभाग कमी असेल तर धुराड्यातला फ्लोराइड धरला जात नाही. बारीक कण जास्त असतील तर सेलवर धूळ उडते आणि तळाशी गाळ साचतो. आणि बंदरात सायलो आहे का हे आधी विचारा. बॉक्साइट उघड्या आवारात टाकता येतं, ॲल्युमिना नाही.