नकाशा आपल्याबरोबर वळावा की उत्तर कायम वर असावी?

फोनवरच्या नकाशाच्या या दोन्ही तऱ्हा मी वापरल्या आहेत आणि हल्ली उत्तर वर ठेवूनच चालतो.

वळत्या नकाशाची बाजू आधी. अनोळखी शहरात गाडी चालवताना तोच बरा, हे मान्य. समोरचा रस्ता वर दिसतो, उजवीकडचं वळण उजवीकडेच येतं, डोक्यात काही फिरवावं लागत नाही. वळणापुरतं बघायचं असेल तर मी त्याला नाव ठेवणार नाही.

माझं बिनसलं ते थांबल्यावर. उपग्रहांकडून फोनला जागा कळते. आपण कुठल्या दिशेने चाललोय हे जागा बदलत गेली की कळतं. चौकात उभे राहिलो की तो आधार जातो आणि सगळी भिस्त फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवर येते. आसपास लोखंड असलं, फोनच्या कव्हरला चुंबक असलं, की तो भरकटतो. मग हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत फोन फिरवत बसा! म्हणजे आपण गोंधळून थांबलेलो असतो, नकाशाची खरी गरज तेव्हाच असते, आणि नेमका तेव्हाच तो गरगरतो. प्रत्येकाच्या फोनवर इतका त्रास होत असेल असं नाही, मला मात्र तो सोसवला नाही.

दिशा लावून घेण्याला ‘ओरिएंट’ करणं म्हणतात, त्याचं मूळ मला इथे फार पटतं. लॅटिनमध्ये ‘ओरिरी’ म्हणजे उगवणं, ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवणारा, त्यावरून पूर्व. एक दिशा पक्की धरायची आणि बाकीच्या तिच्यावरून लावायच्या. आपल्या दिशांची नावंही पूर्वेकडे तोंड करूनच पडली आहेत : पूर्व पुढची, पश्चिम मागची, दक्षिण उजव्या हाताची. ती पक्की दिशा उत्तरच हवी असं मुळीच नाही. सुमारे १३०० सालच्या, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या जगाच्या नकाशात वर पूर्व आहे, तर अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण. पण जी धरली ती प्रत्येक वळणाला बदलत नाही. उत्तर वर ठेवली की नदी, रेल्वेचे रूळ, मोठा रस्ता रोज त्याच जागी दिसतात आणि हळूहळू गावाचं चित्र मनात बसतं. वळत्या नकाशाने मी मुक्कामी पोचायचो, पण परतताना पुन्हा फोन काढावा लागायचा.

दक्षिणेकडे चालताना डावं-उजवं उलटं होतं, ही अडचण खरी. त्यावर उपाय जुनाच. समोर दिसणारा रस्ता आणि नकाशातला रस्ता एका रेषेत येईपर्यंत फोन हातातच फिरवायचा, कागदी नकाशा फिरवतात तसा. स्क्रीन आपोआप आडवी होण्याची सोय तेवढी बंद ठेवा. बहुतेक ॲपमध्ये कोपऱ्यातल्या होकायंत्राच्या चिन्हावर बोट टेकवलं की उत्तर वर येते. आठवडाभर तशी ठेवून पाहा. गाडी चालवताना नको वाटली तर तेवढ्यापुरता वळता नकाशा लावता येतोच.